आपल्या गावात कोणाला काय कमी पडतंय? आरोग्य, वंचितता आणि आधाराची घरोघर पाहणी कशी करावी

मी आजवर जेवढे ग्रामपंचायतींचे विकास आराखडे चाळले, त्यांत आरोग्याच्या पानावर जवळपास तेच तेच सापडलं: आरोग्य शिबिर एक, धूरफवारणी दोनदा, उपकेंद्राची रंगरंगोटी. त्याच गावांत गावठाणाबाहेरच्या वस्तीवर अर्धांगवायू झालेला एखादा माणूस तीन-तीन वर्षं एकाच बाजेवर पडून असतो. बायको मजुरीला निघताना त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि दाराला बाहेरून कडी घालते. तिला शिबिराचा काय उपयोग? दुपारी दोन तास त्याच्याकडे लक्ष देणारं कोणी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, नवऱ्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि दरमहा खात्यात पडणारं अनुदान, एवढं तिला हवं असतं. यातलं काहीच आराखड्यात येत नाही, कारण आराखडा करणारं कोणी तिच्या दारापर्यंत गेलेलंच नसतं.

तिथपर्यंत जायचं कसं, काय विचारायचं, आणि हाती आलेल्या माहितीतून पैसा आणि सेवा कशा ओढून आणायच्या, ते पुढे क्रमाने सांगतो. दीड-दोन हजार वस्तीचं गाव असेल तर सहा-सात माणसं आणि पाच-सहा आठवडे पुरतात.

आधी वेळ आणि माणसं ठरवा

वेळ चुकली की सगळी पाहणी चुकते. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या पट्ट्यात दिवाळीनंतर घरोघर फिरलात तर ज्यांची परिस्थिती सर्वांत बिकट, त्यांचीच दारं कुलूपबंद मिळतील. कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, गेलेला असतो, मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं राहतात. म्हणून पोळा झाला की सुरुवात करा आणि घटस्थापनेच्या आत घरं संपवा. पुढचं आराखड्याचं काम ऑक्टोबरपासून सुरू होतं, त्याला हे बरोबर जुळतं. मूग-उडीद, सोयाबीनची धांदल असेल तर दिवसा कोणी सापडत नाही. संध्याकाळी सहानंतर जा.

गटात आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटांना मदत करणारी सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, एखादे निवृत्त गुरुजी, कॉलेजात जाणारी दोन मुलं हवीतच. शिवाय प्रत्येक वस्तीतलं एक माणूस हवं, आणि त्यावर मी अडून बसतो. पारधी वस्तीत वरच्या आळीतलं पोरगं वही घेऊन गेलं की लोक हो-नाही एवढंच बोलतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणींनी शाळा पाहिली नव्हती, पण कोणत्या घरात चूल दोनदा पेटत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

एक विनंती. हे सगळं आशाताईच्या डोक्यावर टाकून मोकळे होऊ नका. हजार लोकसंख्येमागे एक आशा, आणि तिच्यावर आधीच कितीतरी नोंदवह्यांचा भार. तिची माहिती घ्या, तिच्यासोबत चला, लिहिण्याचं काम मुलांकडे द्या.

सगळ्या याद्या एका टेबलावर मांडा

घरोघर निघण्याआधी दोन दिवस ग्रामपंचायतीत बसा. नमुना नंबर ८ ची घरांची यादी, मतदार यादी, रोजगार हमीची जॉबकार्डं, रेशन दुकानातली शिधापत्रिकांची यादी, आशाची आणि अंगणवाडीची कुटुंबनोंद, शाळेचा हजेरीपट, तहसीलमधून आणलेली निराधार आणि श्रावणबाळ (वृद्धांच्या अनुदानाची योजना) लाभार्थ्यांची यादी, आणि जन्म-मृत्यू नोंदवही. प्रत्येक घराला एक क्रमांक द्या आणि तो कोणत्या यादीत आहे, कोणत्या यादीत नाही, एवढंच आडव्या ओळीत खुणांनी लिहा.

हे कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी पाहणी इथेच होते. मतदार यादीत नाव आहे पण रेशनकार्ड नाही, अंगणवाडीत मूल आहे पण नमुना ८ ला घर नाही, वय सत्तर आहे पण श्रावणबाळमध्ये नाव नाही, अशा रिकाम्या चौकटी दिसू लागतात. त्या लाल पेनाने गोल करा. घरोघर जाताना पहिली फेरी लाल गोलांची.

आणि कुठल्याच यादीत नसलेली घरं? गायरानावरची झोपडी, वीटभट्टीवरचं कुटुंब, शेतावर सालगडी म्हणून आलेलं परजिल्ह्यातलं जोडपं, माहेरी परत आलेली आणि भावाच्या कार्डावरही नाव न चढलेली बाई. ही कागदावर सापडत नाहीत, त्यांना शोधावं लागतं. पिठाची गिरणी, किराणा दुकान आणि पाण्याचं टाकं या तीन जागी तासभर उभं राहून विचारलं की कळतं. २०११ नंतर जनगणनेचे आकडे नाहीत, पुढची मोजणी २०२७ ची. तेव्हा मधल्या काळात वाढलेल्या वस्त्यांची माहिती तुमच्या हातूनच गोळा होणार आहे.

रांगोळीचा नकाशा

शाळेच्या मैदानावर रांगोळीने गाव काढा. देवळासमोर काढू नका, तिथे काही आळ्यांमधल्या बायका येऊन बसत नाहीत. रस्ते, आड, हातपंप, उपकेंद्र, अंगणवाडी, रेशन दुकान आधी. मग घरं: एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरावर चिंचोका, दिव्यांग असलेल्या घरावर खडा, पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या वस्तीभोवती हळदीची रेघ. पुरुष बाजूला बसले की बायका खडू हातात घेतात, म्हणून बायकांचा नकाशा वेगळ्या दिवशी करा. दोन्हींत पाणवठ्याचं अंतर हमखास वेगळं येतं, आणि बायकांचं खरं धरावं. पाणी त्या आणतात.

नकाशाचा फोटो काढा, कागदावर उतरवा. एवढं पुरे.

दारात बसून काय विचारायचं

प्रश्नपत्रिका एका पानाची. चार पानांची केलीत तर तिसऱ्या दिवसापासून मुलं अंदाजाने भरू लागतात.

वंचिततेसाठी नवे निकष शोधायची गरज नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत ग्रामीण घरांसाठी सात निकष होते: एकाच खोलीचं कच्चं घर, १६ ते ५९ वयाचं कोणीही माणूस नसणं, त्या वयाचा पुरुष नसलेलं स्त्रीप्रमुख घर, दिव्यांग व्यक्ती असून धडधाकट प्रौढ नसणं, अनुसूचित जाती-जमातीचं घर, पंचविशीपुढचं कोणीही साक्षर नसणं, आणि भूमिहीन मजुरी. हेच सात घ्या, पण आजची स्थिती नव्याने नोंदवा. तेव्हा शाळेत असलेली मुलगी आज सासरी आहे. यात आणखी चार जोडा: संडास आहे आणि वापरात आहे का, चूल कशावर पेटते, शाळा सुटलेलं मूल आहे का, आणि बँकेचं खातं चालू आहे का. एका घराला यातल्या किती अडचणी लागू पडतात ते मोजा. चार किंवा अधिक असतील तर ते घर पहिल्या यादीत.

आरोग्याचं विचारताना "घरात कोणी आजारी आहे का?" असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, "नाही बाबा, बरं आहे सगळं." म्हणून असं विचारा: "काकू, गेल्या वर्षभरात दवाखान्यासाठी काय विकलं? काय गहाण ठेवलं? ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली का?" शेळी विकली, मणी-मंगळसूत्र ठेवलं, दोन कोयत्यांची उचल एकट्याच्या ऑपरेशनला गेली, हे एकेक बाहेर येतं आणि मग आजारही कळतो. दुसरा प्रश्न: "डॉक्टरांनी सांगितलेली कोणती गोळी मधेच बंद केली?" रक्तदाब आणि साखरेचे रुग्ण या प्रश्नावर सापडतात. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखीम तपासणीचा फॉर्म भरते. त्यात चारपेक्षा जास्त गुण आलेली माणसं पुढे तपासायला गेली का, एवढं पडताळा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर अंगणवाडीताईच्या पट्टीने मोजा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. ते मूल पाहणीच्या वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं, असं करू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. बाळंतिणीला विचारा की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी आली होती का. ज्या वस्तीवर या भेटी चुकतात तिथे बहुधा वाट खराब असते किंवा वस्ती तिच्या हद्दीत आहे की नाही यावरच घोळ असतो.

अपंगत्वाबद्दल थेट विचारलं की घरचे नाही म्हणतात. सहा साधे प्रश्न चालतात, जगभरात वापरले जातात: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवण ठेवायला, आंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला, आणि बोललेलं समजायला किंवा समजावायला. "खूप त्रास होतो" किंवा "जमतच नाही" असं एकालाही उत्तर आलं तर ते नाव घ्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानलेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजारही येतात, आणि हे घरच्यांना सहसा माहीत नसतं.

मग आधाराचे प्रश्न, जे सरकारी फॉर्मांवर मला क्वचितच दिसले. "दोन दिवस ताप आला तर पाणी कोण देतं?" "रात्री संडासला कोण नेतं?" "आजोबांना सांभाळणारीचं स्वतःचं दुखणं कोण बघतं?" इथे पेन खाली ठेवा. घाई करू नका.

अशाच एका दारात एक आजी भेटल्या होत्या. पत्र्याची खोली, कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली रिकामी पिशवी. अंत्योदयचं पिवळं कार्ड होतं, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क. पण तीन महिने धान्य आलं नव्हतं. "ठसा लागत नाही रे बाळा," म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे केले. जन्मभर खुरपं धरून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या. दुकानदाराने पुढच्या महिन्यात या म्हटलं, त्या तीन वेळा गेल्या, मग थकल्या. ठसा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य बंद करता येत नाही. त्यांच्या वतीने धान्य घ्यायला दुसऱ्या व्यक्तीचं नाव लावता येतं, त्यासाठी तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज लागतो. हे त्यांना सांगायला कोणी गेलं नव्हतं. गावाच्या याद्यांत त्या "लाभार्थी" होत्या. म्हणून प्रत्येक योजनेबद्दल दोन प्रश्न विचारा: नाव आहे का, आणि गेल्या महिन्यात हातात पडलं का.

काय लिहायचं नाही

क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार, घरातली मारहाण, कुमारी माता. यातलं काहीही नकाशावर, फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. अशी माहिती फक्त आशाताईकडे किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, तीही त्या माणसाला विचारून. गावात एकदा कुजबुज सुरू झाली की औषध घ्यायला येणारा माणूस यायचा बंद होतो. फारच खचलेलं कोणी भेटलं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक स्वतःच्या फोनवरून लावून द्या आणि बोलणं होईपर्यंत तिथेच थांबा. ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८.

आकडे वाचताना

गाव लहान असतं, आकडेही लहान असतात. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि मृत्युदर ५.५ होता. म्हणजे दीड हजारांच्या गावात वर्षाला साधारण २२ जन्म आणि ८ मृत्यू. यातलं एक बाळ दगावलं तर बालमृत्युदर एकदम ४५ च्या वर जातो, पुढच्या वर्षी शून्य येतो. राज्याचा दर तेव्हा १६ होता. त्याच्याशी आपल्या गावाची तुलना करून "आपलं गाव तिप्पट वाईट" किंवा "आपल्याकडे प्रश्नच नाही" म्हणणं दोन्ही चूक.

करायचं काय? पाच वर्षांचे सगळे मृत्यू एकत्र लिहा. नोंदवहीत नसलेलेही घरोघर विचारून घ्या. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण पहिल्या आठवड्यात गेलेल्या बाळांची पुष्कळदा होतच नाही. मग प्रत्येक मृत्यूची गोष्ट लिहा: त्रास कधी सुरू झाला, घरातून निघायला किती वेळ लागला, गाडी कशी मिळाली, कुठून कुठे पाठवलं. चाळीस मृत्यूंच्या चाळीस गोष्टी वाचल्या की टक्केवारी न काढताही कळतं की सापाच्या दंशाला तालुक्याला पोचायला दोन तास लागतात, किंवा कमी वजनाची बाळं हिवाळ्यातच जातात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हेच चिकाटीने केलं. गावागावांतले जन्म आणि बाळांचे मृत्यू स्वतः मोजले, आणि ३९ गावांत तिथल्याच बाईला नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले होते. आज आशाताई बाळाला बघायला घरी येते, त्यामागे ही मोजणी आहे.

आणखी एक: गावाची सरासरी काढू नका. वस्तीनिहाय आकडे मांडा. समजा गावात शंभरातली ऐंशी घरं संडास वापरतात. वस्ती वेगळी केली की दिसतं, गावठाणात पंच्याण्णव आणि तांड्यावर तीस. आराखड्यात जायचं ते तीस.

गरज, दार, पैसा

आता प्रत्येक गरजेपुढे दोन गोष्टी लिहा: हे कोणाच्या दारात मिळेल आणि कोणत्या पैशातून होईल.

पहिला ढीग हक्काचं असून न मिळालेल्याचा, आणि तोच सर्वांत मोठा निघतो. ६५ आणि पुढच्या वयाला श्रावणबाळ, त्याखालच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांना संजय गांधी निराधार. या दोन्ही योजनांत २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये, दिव्यांगांना २०२५ पासून २,५००. उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०. दोन दिवसांआड मजुरीला जाणारी बाईही कागदावर यात बसत नाही, आणि या मर्यादेचा मला मनापासून राग येतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्याचा उतारा चालतो, तो आधी शोधा. अर्ज फेटाळला गेला असेल तर कारण लेखी मागा. चालू अनुदान अचानक थांबलं असेल तर आधार जोडणी किंवा हयातीचा दाखला हे दोन आधी तपासा. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात करायचा. उसतोडीच्या गावांत अशी मुलं बरीच सापडतील.

दुसरा ढीग गावातच होण्यासारखा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. चार लाखांच्या वसुलीत दिव्यांगांचे वीस हजार होतात. ते भांडी वाटून संपवण्याआधी घरी जाऊन बघा. एका घरात मी चाकाची खुर्ची पाहिली, नवीकोरी, तिच्यावर कांद्याच्या पाट्या रचलेल्या. उंबरा वीतभर उंच, पुढे दोन पायऱ्या. खुर्ची बाहेरच येत नव्हती. दोन गोणी सिमेंट आणि एका गवंड्याच्या दिवसात उतार झाला असता. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला गावामागे वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी असतो. रात्रीच्या गाडीभाड्याला, अंथरुणाला खिळलेल्यांच्या सामानाला तो उपयोगी पडतो. अशा रुग्णांची सेवा शेजाऱ्यांनी वाटून घेण्याची पद्धत केरळात कोझिकोडपासून वाढली, आणि तिथल्या पंचायतींनी ती उचलून धरली. आपल्याकडे बचत गटातल्या चार जणींनी आठवड्यातून दोन दुपारी वाटून घेतल्या तरी त्या कडी लावून जाणाऱ्या बाईला मोकळा श्वास मिळेल.

तिसरा ढीग वरून लागणाऱ्या गोष्टींचा: उपकेंद्रातली रिकामी जागा, पुलाचं काम, रुग्णवाहिका. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष आहे. तुमची वस्ती त्यात बसत असेल तर मागणीत तो आकडा घाला.

ग्रामसभेत मांडताना

आधी महिला सभा घ्या. तिथे ठरलेलं इतिवृत्तात लिहून घेतलं की ग्रामसभेत ते बाजूला सारणं अवघड जातं. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती गणसंख्या लागते. तेव्हा पाहणी केलेल्या प्रत्येक वस्तीतून माणसं आणा. ठराव मोघम नको. "दिव्यांगांसाठी साहित्य घेणे" असं लिहिलं की तो पैसा कुठेही जातो. "घर क्रमांक अमुक, दारात उतार बांधणे, अंदाजे खर्च इतका, ५ टक्के दिव्यांग निधीतून, डिसेंबरअखेर" असं लिहा. नाव वाचायचं नाही, घर क्रमांक पुरे.

ग्रामसभेच्या ठरावात किती ताकद असते हे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने दाखवलं. मे २०२२ मध्ये त्यांनी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो आदर्श घ्यायला सांगितलं.

पुन्हा त्याच दारात

नोंदवहीत शेवटचा रकाना "मिळालं का?" असा ठेवा. त्यात अर्ज दिल्याची तारीख लिहू नका. खात्यात पैसे किंवा घरात वस्तू आली त्या दिवसाचीच तारीख लिहायची. दर तीन महिन्यांनी पहिल्या यादीतल्या घरांना भेट द्या. आरोग्य केंद्राकडे अडलेल्या गोष्टी लेखी नेऊन द्या. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, जनसुनवाया झाल्या. तिथे अधिकाऱ्यांपुढे तारखा आणि घरं घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना टाळणं कोणाला सोपं गेलं नाही.

आणि कुलूप असलेल्या घरांची यादी वेगळी जपून ठेवा. गुढीपाडव्याच्या आसपास कारखान्यांचे पट्टे पडतात, म्हणजे गाळप संपतं, आणि बैलगाड्या, ट्रॅक्टर परततात. त्या आठवड्यात सगळे पुन्हा निघा. लहान मुलांचे दंड मोजा, बायकांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, फडात बाळंत झालेल्या बाईच्या बाळाचा जन्म नोंदला गेलाय का ते विचारा.